चौकटी पुसतंय कोण?

८ जानेवारी, बुधवार

कोणीतरी माझ्या कोड्याला हात लावतंय!

आज खात्री झाली. आडवे अकरा — 'मोटेचा जाड दोर', दोन अक्षरी. अडलो होतो. भिंग आणलं. चौकटीतल्या कागदाला लव आलेली, रबर घासल्यावर येते तशी. पेपर खिडकीशी नेऊन तिरका धरला तर आत अक्षरं! पेन्सिलीनं लिहून पुसलेली. नाडा.

बरोबर होतं. तेच जास्त लागलं. मी टपाल खात्यातला माणूस. धुळ्याच्या मोठ्या पोस्टात छत्तीस वर्षं पत्रं गावागावांच्या खणांत छाटली, मोट कधी हाकली नाही. मला कुठून येणार नाडा?

मग अख्खं कोडं भिंगाखालून काढलं. वीसेक चौकटींना लव. म्हणजे सात वाजता पेपर माझ्या हातात येतो त्याच्याआधी कोणीतरी कोडं सोडवतं, पुसतं, आणि पुन्हा घडी घालून टीपॉयवर ठेवतं. जसं काही झालंच नाही!

संशय पुनमवर. सून म्हणून वाईट नाही, पण तिचा मोबाइल सर्वज्ञ आहे. तिच्या मनात आलं असेल — आबांना हल्ली अडतं, फिकट फिकट लिहून ठेवावं, म्हणजे त्यांना वाटेल आपणच सोडवलं. दया! नको मला ती. लहान मुलाला पतंग उडवू द्यायचा आणि मागून मांजा आपणच धरायचा, तसला प्रकार.

वर्तमानपत्रात कोडं आलं तेव्हापासून मी ते सोडवतोय. बदलीत, आजारपणात, दीपकच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा. एकट्यानं.

९ जानेवारी, गुरुवार

पेन्सिल पट्टीवर मोजून ठेवली — साडेनऊ सेंटिमीटर. रबराच्या कोपऱ्यावर नखानं चंद्रकोर काढली. कोणाला बोललो नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

सव्वानऊ. आणि चंद्रकोर गायब!

११ जानेवारी, शनिवार

आज जे ऐकलं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणतील — आबा, तुम्हाला भास झाला.

दीपक गॅलरीत फोनवर. मी आत पडदा सारखा करत होतो (सारखाच होता). "नाही, आबांना अजून काही सांगितलं नाही… हो, विसरणं वाढलंय… तेवीस, गुरुवार, अकरा वाजता. सगळेच येऊ… एकदम सांगितलं तर बिथरतील."

मी बिथरेन! मी!

तर हे असं आहे. माझी बुद्धी तपासायला नेणार. कोडं आधी सोडवून ठेवणं हा त्यातलाच भाग असणार. उत्तरांशी माझी उत्तरं ताडून बघत असतील. पुनम मार्क देत असेल. पोस्टात आमच्याकडे असंच करत — मुद्दाम चुकीच्या पत्त्याचं पत्र थप्पीत सारायचं आणि सॉर्टर कुठल्या खणात टाकतो ते बघायचं. मी एकदाही फसलो नाही.

नापास झालो तर काय होणार ते मला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा एसटीनं एकट्यानं धुळ्याला जातो, दोस्त कय्युमकडे दोन रात्री राहतो, पांझरेच्या पुलावर उभा राहतो — ते बंद. डिसेंबरातच दीपक म्हणाला होता, "आबा, आता एकटे बसनं नको." तेव्हा हसण्यावारी नेलं. मग फाटकाच्या आत फिरायचं. मग गॅलरीत. मग खाटेवर.

आणि खरं सांगायचं तर एक गोष्ट खरंच हरवली आहे. चौथीच्या पुस्तकातली ती पाखरांची कविता — तोताराम गुरुजी टेबलावर छडीनं ताल धरायचे आणि आम्ही अख्खा वर्ग हिंदकळत म्हणायचो. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ गेली. पहिली येते, दुसरी येते, मग खड्डा, मग चौथी. दिवाळीपासून शोधतोय. त्या वर्गाच्या खिडकीतून दिसणारं चिंचेचं झाड आठवतं, पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा वास आठवतो. ओळ नाही.

१३ जानेवारी, सोमवार

चहात मीठ!

एक घोट घेतला आणि समोर बघितलं. बायको, प्रमिला, शांतपणे मेथी निवडत बसलेली. म्हणजे तिलाही सामील करून घेतलंय. मी ओळखतो की नाही, हे बघायचं होतं. मी पण कच्च्या गुरूचा चेला नाही. कप घेऊन गॅलरीत गेलो, तुळशीत ओतणार होतो — मग वाटलं, तुळशीनं काय घोडं मारलंय. बेसिनमध्ये ओतला.

दुपारी तिनं विचारलं, "आज वार कोणता शे हो?" सोमवार, म्हटलं. पुन्हा चारला — "आज वार कोणता?" सोमवार. संध्याकाळी दिवा लावताना तिसऱ्यांदा! मी तिसऱ्यांदा तितक्याच थंडपणे सोमवार म्हटलं, आणि वर पौष पौर्णिमा हेही सांगितलं. जा, सांगा तुमच्या डॉक्टरला.

तिच्यावर राग धरवत नाही. सत्तर वर्षांची बाई, पोरगा सांगेल तसं करणार. पण तिनं तरी एकदा डोळा मारून सांगायचं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. गोड बोला! या घरात आज मीच सगळ्यांत गोड बोललो. भीतीनं.

कय्युमचा फोन. शाळेपासूनचा दोस्त, आग्रा रोडला त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आता हात थरथरतो म्हणून बंद. त्याला सगळं सांगितलं — पेन्सिल, रबर, मीठ, वार.

"अभिमनभाऊ, एक सांगू? तुमच्यातला संशय काढून टाकला तर पाठीमागं फक्त बंडी आणि चष्मा राहील."

म्हटलं, तिसरी ओळ सांग.

"मला काय विचारता! मी त्या तासाला बाहेर अंगठे धरून होतो. तुमच्याच चुगलीमुळं."

खरंय. माझ्याच. हसलो. नंतर तो म्हणाला, "भाबीची तब्येत कशी आहे?" बरी आहे, म्हटलं, मेथी निवडते, मीठ घालते. "डिसेंबरात तुम्ही इकडं होता तेव्हा फोनवर माझ्याशी बोलली. दोनदा विचारलं, कोण कय्युम?" मी म्हटलं, तुझा आवाज असा घोगरा झालाय, मीही विचारतो कधीकधी.

१५ जानेवारी, बुधवार

भरीत. वांगी उत्तम भाजलेली, मिरची-लसूण झणझणीत. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कपाटाच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. कोणी ठेवल्या म्हणून विचारलं तर पुनम म्हणाली, "जाऊ द्या ना आबा."

जाऊ द्या! माझ्या नावावर जमा झाल्या असणार त्या किल्ल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

घरी हळदीकुंकू. पुनमच्या मैत्रिणी, कॉलनीतल्या बायका, अत्तराचा आणि जाईच्या गजऱ्यांचा वास. मी आतल्या खोलीत कोंडलेला. दार फटीएवढं उघडं.

शेवटी उखाण्यांची टूम निघाली. एकीनं तर इंग्रजी घातलं उखाण्यात. मग सगळ्या प्रमिलाच्या मागे लागल्या — "काकू, तुमचा तो नेहमीचा!"

नेहमीचा म्हणजे तिनं स्वतः जुळवलेला. लग्नाच्या पहिल्या संक्रांतीला, धुळ्यात, चाळीच्या ओट्यावर. एकोणपन्नास वर्षं तोच —

पांझरेच्या पाण्यात एकवीरेचा घाट,
अभिमनरावांच्या सायकलची पाहते मी वाट.

एरवी ती माझं नाव घेत नाही. 'अहो', 'ऐकलं का', नाहीतर 'दीपकना बाप'. डॉक्टरकडे, रेशनच्या रांगेत, मतदान केंद्रावरसुद्धा तिनं माझं नाव उच्चारलेलं नाही. शेजारच्या बाईला बोट करून सांगायला लावते. वर्षातून एकदा, या एका दिवशी, माझं नाव तिच्या तोंडून ऐकायला मिळतं. मी दाराला कान लावून उभा राहतो. आता या वयात कबूल करायला काय हरकत आहे.

आज म्हणाली, "राहू द्या वं बायांनो, दूध उतू जाई." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

गॅसवर दूध नव्हतं. मी पाहिलं.

म्हणजे इतकं झालं तर! ज्याचं डोकं बिघडत चाललंय त्याचं नाव तरी कशाला घ्यायचं?

१८ जानेवारी, शनिवार

झोप नाही. आज कोड्याच्या पुसलेल्या खुणा पुन्हा तपासल्या आणि पायाखालची फरशी सरकली.

पुनम नाही! ती अक्षरांवर रेघ मारतच नाही. किराण्याच्या यादीत तिची अक्षरं बोडकी असतात. इथे आधी रेघ मारली आहे, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाबून, आणि मग अक्षर तिला टांगलंय. वाळत घातलेल्या कपड्यासारखं. पाटीवर शिकलेला माणूस असं लिहितो. आधी दोरी बांधा, मग कपडे टाका, असं आमचे गुरुजीच म्हणायचे.

या घरात कोडं सोडवणारा, असं लिहिणारा माणूस एकच आहे.

मी.

म्हणजे मीच पहाटे उठतो? मीच सोडवतो, पुसतो, झोपतो, आणि सातला उठून नवं म्हणून हातात घेतो? आणि दीपकला हे माहीत आहे? ते मीठही मीच… किल्ल्याही मीच…

नाही. वहीत लिहिताना हात नीट चालतोय. यावल तालुक्यातली टपालाची गावं म्हणून बघतो — यावल, फैजपूर, साकळी, किनगाव, भालोद, न्हावी, हिंगोणे. सगळी आपापल्या खणात जातायत. मग?

१९ जानेवारी, रविवार

आज खोलीच्या दाराला आतून कडी लावून कडीला प्रमिलाच्या शिवणाच्या डब्यातली दोरी बांधून झोपतो. मीच उठत असेन तर दोरी सुटलेली सापडेल. तिला आज सोफ्यावर झोप म्हटलं. "येडा व्हयनात का?" म्हणाली. तेच तर बघायचं आहे.

२० जानेवारी, सोमवार

दोरी जशीच्या तशी!

पाचलाच जाग आली होती. पेपर फाटकात पडल्याचा आवाज ऐकला. मग चपला. मग गॅसचा लायटर. मी दोरी सोडली आणि अनवाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो.

ओट्यावर पेपर पसरलेला. बाजूला दूध तापायला ठेवलेलं. आणि माझ्या पेन्सिलीनं प्रमिला कोडं सोडवत होती.

माझी प्रमिला. जामनेरजवळच्या खेड्यातली, चौथी पास. घरातला एक कागद तिनं माझ्यादेखत कधी लिहिला नाही. पत्रंसुद्धा मीच लिहायचो तिच्या माहेरी. ती ओठ हलवत सूचना वाचत होती. मध्येच पेन्सिल कपाळावर आपटायची, डोळे मिटायची, मग रेघ मारून अक्षरं टांगायची. एका शब्दाला बराच वेळ गेला. तो सुटल्यावर तिनं असा श्वास सोडला की जसं विहिरीतून घागर वर आली. मग रबर घेतलं. एकेक चौकट पुसली, चुरा तळहातात झाडून घेतला.

मी खोकलो. ती दचकली आणि या वेळी दूध खरंच उतू गेलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"का?"

"पाहस मी. सुटस का नही ते."

"मग पुसतेस कशाला?"

"तुमनं कोडं शे ते. तुम्ही बठ्ठा दिन मंग काय करशात?"

मी विचारलं, नाडा तुला कसा आला? तर फणकाऱ्यानं म्हणाली, "मना बापनी मोट व्हती. नाडावर बसीसन मोठी व्हयनू मी. तुमना पोस्टमा शिकाडतंत का नाडा?"

राग, लाज, कौतुक — सगळी पत्रं एकाच खणात. मी फडकं घेतलं, ओटा पुसायला लागलो. तिला म्हटलं, एवढी हुशार आहेस तर ती पाखरांच्या कवितेची तिसरी ओळ सांग. चेष्टेनं म्हटलं.

तिनं सांगितली. फडकं पिळता पिळता. चालीसकट, हिंदकळत. मग सगळं कडवंच म्हटलं. तिच्याही शाळेत तेच पुस्तक होतं, मी कधी विचारलंच नव्हतं.

ओळ इथे लिहीत नाही. लिहिली की वहीवर विसंबेन. आता ती ठेवायला घरात दोन माणसं आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

आज जोडीनं. आडवे तिचे, उभे माझे. शेत, स्वयंपाक, जनावरं, दागिने — ती. पुराण, नद्या, व्याकरण — मी. अठरा मिनिटांत खलास! रबराला काम नाही.

दोनदा तिनं तोच शब्द दोन ठिकाणी भरला. मी काही बोललो नाही, तिनं माझी एवढी लाज राखली तर मी तिची राखायला नको?

परवाची तयारी चालू. पेपरात वाचलं होतं काय काय विचारतात ते. शंभरातून सात वजा करत जायचं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. घड्याळ काढायचं. तीन वस्तू लक्षात ठेवायच्या. येऊ दे. दोरी सुटली नव्हती! मी शाबूत आहे. पास होणार आणि फेब्रुवारीत धुळ्याला जाणार. तिलाही नेणार. एकवीरेच्या घाटावर.

२२ जानेवारी, बुधवार

दीपकनं जेवताना सांगितलं, "आबा, उद्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. सगळेच." डोळे ताटात. मी म्हटलं, अवश्य! त्याला घास लागला.

२३ जानेवारी, गुरुवार

कोट घातला. दाढी दोनदा केली. स्टेशनच्या पलीकडचा दवाखाना, बाहेर खुर्च्या, मी मनात सातनं खाली उतरतोय. एकसष्ट नाही — पासष्ट, अठ्ठावन्न…

आतून नाव पुकारलं.

मी उभा राहिलो. दीपकनं बाही धरली. "आबा, बसा. आईचं नाव घेतलं."

प्रमिला उठून पदर सारखा करून आत गेली. सवयीची वाट असल्यासारखी.

तेव्हा कळलं. डिसेंबरात मी धुळ्याला होतो तेव्हा 'डोळे तपासायला' म्हणून पुनम तिला इथेच घेऊन आली होती. मीठ. वार. किल्ल्या. कोण कय्युम. पंधरा दिवस मी एकेक कागद उचलून स्वतःच्या खणात टाकत होतो. एकावरही माझा पत्ता नव्हता.

आम्हालाही आत बोलावलं. डॉक्टर तरुण, शांत; शेजारी फॉर्म भरणारी मुलगी. डिसेंबरचा कागद काढला. वार चुकला. तीनपैकी एक वस्तू राहिली. "हे या वयात थोडंफार चालतं. पण हे बघितल्यावर मला काळजी वाटली." शेवटच्या ओळीभोवती लाल गोल — 'पतीचे नाव: सांगू शकल्या नाहीत.'

मी हसलो! मोठ्यानं! डॉक्टर दचकले. म्हटलं, अहो, ती घेणार कशी? एकोणपन्नास वर्षांत घेतलं नाही! मतदानाला घेतलं नाही, तुमच्या त्या फॉर्मवाल्या मुलीला काय सांगणार? उखाणा विचारा, मग बघा.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "माझी आजीसुद्धा घ्यायची नाही! सुचलंच नाही बघा." फॉर्मवाली मुलगी लाल झाली. पुनम रडता रडता हसायला लागली. "आई, मला तरी सांगायचं ना! मी दीड महिना झोपले नाही." डॉक्टरांनी लाल गोलावर काट मारली. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, कोडी चालू ठेवा, म्हणाले.

दीपकनं येताना जिलेबी घेतली. गाडीत सगळे एकदम बोलत होतो.

प्रमिला खिडकीबाहेर बघत होती. थकली असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहाटे पाच. दूध, ओटा, पेपर, आम्ही दोघं. म्हटलं, कोडं नंतर, आधी हळदीकुंकवाचा राहिलेला उखाणा घे. ऐकायला कोणी नाही.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "पांझरेच्या पाण्यात एकवीरेचा घाट…"

थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती हसेल म्हणून मी वाट पाहिली.

"किती अक्षरी शे हो?"

चार, म्हटलं. पहिलं अ.